मेल्या म्हशीला मणभर दूध! : कौतुक जिवंतपणीच करायला शिकूया

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढला आहे. बोलताना जसं तोंडात आलं तसंच बरंचसं ठेवलंय, तेव्हा सांभाळून घ्या.

आजचा विषय तसा साधा आहे. समोरच्या माणसाचं खरं, मनापासून कौतुक करणं. तुम्ही म्हणाल, यात काय शिकायचं? पण एक प्रसंग सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आमचं गाव उंब्रज. पुणे–बेंगळुरू महामार्गावरचं, कृष्णाकाठचं. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, एसटीत ड्रायव्हर होते. अबोल माणूस. ड्युटी, घर आणि रविवारी उपासना, एवढंच त्यांचं जग. ते गेले त्यानंतरच्या रविवारी आमच्या अंगणात प्रार्थनासभा झाली. मंडळीतले लोक आले, शेजारीपाजारी आले, एसटीतले जुने सोबती आले. आणि एकेक जण उठून बोलायला लागला.

एक बाई म्हणाल्या, "मी कॉलेजला होते तेव्हा शेवटच्या गाडीनं यायचे. फाट्यावर मला न्यायला माझा भाऊ आलेला दिसेपर्यंत ड्रायव्हरकाका गाडी हलवायचे नाहीत. पॅसेंजर ओरडायचे, तरी नाही." एक कंडक्टर म्हणाले, "माझ्या हिशोबात पैसे कमी पडले, तर त्यांनी खिशातून भरले आणि परत कधी विषय काढला नाही." असं तासभर चाललं होतं. आम्ही पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. यातलं निम्मं आम्हाला माहीतच नव्हतं.

सगळे गेल्यावर आई मोरीत चहाचे कप विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "आरं, एवढं सगळ्यांना ठावं हुतं, मग त्यांच्या तोंडावर एकानं बी का न्हाई सांगितलं?" थोडा वेळ गेला. मग हळूच म्हणाली, "मी तरी कुठं सांगितलं म्हणा."

मित्रांनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही. आपल्याकडे म्हणच आहे, मेल्या म्हशीला मणभर दूध. म्हैस गोठ्यात असते तोवर तिच्या दुधाला सगळे नावं ठेवतात, आणि मेली की तिच्यासारखी दुधाळ दुसरी कुणी नव्हती. माणसांचंही आपण हेच करतो. म्हणून आजचं सांगणं एका ओळीत सांगून टाकतो: दुसऱ्यामध्ये जे चांगलं आपण खरोखर पाहिलंय, ते त्याला ऐकू येतंय तोवर सांगणं, हा ख्रिस्ती प्रेमाचा एक भाग आहे. सवड मिळाली तर करायची ती गोष्ट नव्हे.

आपण गप्प का बसतो?

कारणं आपल्या घराघरांत सापडतात. पहिलं कारण, दृष्ट लागेल. बाळ गुटगुटीत आहे म्हटलं की लगेच कुणीतरी मीठ-मोहरी ओवाळायला उठतं. आपण ख्रिस्ती घरातले, दृष्ट वगैरे मानत नाही म्हणतो, पण जीभ मात्र अडखळतेच.

दुसरं कारण, डोक्यावर बसेल. मुलाला शाबास म्हटलं तर अभ्यास सोडेल, सुनेला चांगलं म्हटलं तर ऐकेनाशी होईल. म्हणून जेवण छान झालं असेल तर आपण ताट चाटूनपुसून उठतो आणि मीठ कमी पडलं तरच तोंड उघडतो. आपली जीभ फक्त तक्रारीसाठी दिली आहे की काय, असं वाटावं!

तिसरं कारण, लोक काय म्हणतील. तोंडावर कौतुक केलं तर लोक म्हणतात, "लोणी लावतोय", "हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय", "काहीतरी काम असेल." ही भीती अगदीच खोटी नाही, कारण असं करणारे असतातच. त्याबद्दल पुढे बोलू.

आणि चौथं कारण खास आपल्या मंडळीतलं. "गौरव देवाचा, माणसाचा कशाला?" ऐकायला हे फार आध्यात्मिक वाटतं. पण विचार करा. एखाद्या सुताराने केलेल्या खुर्चीला तुम्ही सुबक म्हणालात, तर सुताराचा अपमान होतो का? माणसातला चांगुलपणा देवानेच घडवला असं आपण मानत असू, तर तो ओळखून बोलून दाखवणं ही त्या घडवणाऱ्याचीच पावती आहे.

येशूने कुणाचं कौतुक केलं?

शुभवर्तमानं या नजरेने एकदा वाचून बघा. येशू ढोंगाला किती कडक बोलला, हे आपल्याला पाठ असतं. पण त्याने कौतुक किती मोकळेपणाने केलं, हे आपण पटकन वाचून पुढे जातो.

योहानाच्या पहिल्याच अध्यायात नथनेल येतो. याच नथनेलाने थोड्या वेळापूर्वी नासरेथ गावाबद्दल नाक मुरडलेलं असतं. तरी येशू त्याला येताना पाहून म्हणतो की हा कपट नसलेला माणूस आहे. म्हणजे ज्या फटकळपणाचा दुसऱ्याला राग आला असता, त्याच्या आतला सरळपणा येशूने पाहिला. कफर्णहूमचा शताधिपती तर परका, रोमी सैन्यातला अधिकारी. त्याच्या विश्वासाबद्दल येशू सगळ्या लोकांसमोर बोलतो की असा विश्वास मला इस्राएलातही दिसला नाही. मंदिरातली गरीब विधवा दानपेटीत दोन टोल्या टाकते, तर येशू शिष्यांना मुद्दाम जवळ बोलावून तिच्याकडे बघायला सांगतो.

आता यात एक गंमत लक्षात आली का? विधवेबद्दल येशू बोलला ते शिष्यांशी. ती तिच्या वाटेनं निघून गेली असावी. आणि योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचं बघा. योहान तुरुंगात आहे, त्याच्या मनात शंका आली आहे, आणि तो दोन शिष्यांना पाठवून विचारतो, येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू उत्तर देऊन त्यांना परत पाठवतो. ते निघून गेल्यावर, लूकच्या सातव्या अध्यायात, तो लोकसमुदायाशी योहानाबद्दल बोलायला लागतो, आणि म्हणतो की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत त्याच्यापेक्षा मोठा कुणी नाही.

म्हणजे ज्या दिवशी योहान सगळ्यात डळमळीत होता, त्या दिवशी येशूने लोकांच्या मनातली त्याची जागा सांभाळली, आणि तीही त्याच्या पाठीमागे. आपण पाठीमागे काय बोलतो? उपासना संपल्यावर चप्पल घालता घालता जे बोलणं होतं ना, ते आठवा. चहाडी पाठीमागे, आणि गोड बोलणं तोंडावर. येशूच्या वागण्यात पाठीमागेही माणसाची बाजूच घेतलेली दिसते.

खुशामत आणि कौतुक, यात फरक काय?

आता ते लोणी लावण्याचं बघू. नीतिसूत्रांच्या पुस्तकात शेजाऱ्याची खुशामत करणाऱ्याला जाळं पसरणारा म्हटलंय. जाळं कोण पसरतं? ज्याला काहीतरी पकडायचंय तो. खुशामत ओळखायची खूण हीच. तिच्या मागोमाग मागणी येते. "वहिनी, तुमच्या हातची पुरणपोळी म्हणजे काय सांगू," आणि लगेच, "उद्या वीस माणसं जेवायला आहेत." खऱ्या कौतुकाला पुढचं वाक्य लागत नाही. सांगितलं, संपलं.

दुसरी खूण अशी की खुशामत ढोबळ असते. "तुमच्यासारखं कुणी नाही" हे वाक्य गावातल्या कुणालाही लागू पडतं. कौतुक मात्र नेमकं असतं. ते त्या माणसाखेरीज दुसऱ्याला चिकटवता येत नाही.

तिसरी खूण पौलाकडून शिकण्यासारखी आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढा. सुरुवातीलाच पौल म्हणतो की तुम्ही माझी आठवण ठेवता, शिकवलेलं पाळता, म्हणून मी तुमची वाहवा करतो. आणि त्याच अध्यायात थोडं पुढे गेल्यावर म्हणतो की आता या बाबतीत मी तुमची वाहवा करत नाही, कारण प्रभुभोजनाला जमता तेव्हा कुणी पोटभर खातो आणि गरीब भुकेला राहतो. एकच माणूस, एकच पत्र, तीच मंडळी. चांगलं ते चांगलं म्हटलं आणि वाईट ते वाईट. ज्याला दुसरं वाक्य बोलता येतं, त्याच्या पहिल्या वाक्यावर आपला विश्वास बसतो. म्हणून मी म्हणतो, खरं कौतुक हा सत्य बोलण्याचाच एक प्रकार आहे.

पौलाची नावांची यादी

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण बहुतेक जण वगळतो. नुसती नावं आहेत म्हणून. पण पौल तोवर रोमला गेलेलाही नव्हता, आणि तरी पंचवीसच्या आसपास माणसांना नावानिशी सलाम सांगतो. नुसती नावं नाहीत, बऱ्याच नावांबरोबर कारणही आहे. फिबीने पुष्कळांना साहाय्य केलं, आणि मलाही. प्रिस्क आणि अक्विला यांनी माझ्या जिवासाठी स्वतःची मान धोक्यात घातली. पर्सिसने प्रभूमध्ये फार श्रम केले. आणि रूफाची आई, ती माझीही आई झाली.

हे पत्र मंडळीसमोर मोठ्याने वाचलं गेलं असणार. मागे कुठेतरी बसलेल्या रूफाच्या म्हाताऱ्या आईला काय वाटलं असेल? तिने पौलाला कधीतरी जेवू घातलं असेल, कपडे धुऊन दिले असतील, आपल्याला माहीत नाही. पण ती गोष्ट पौल विसरला नव्हता, आणि तिला कळेल अशा रीतीने त्याने ती लिहून ठेवली.

आपल्या मराठी मातीतलं एक उदाहरण

हे सगळं पवित्र शास्त्रातलं झालं. आता आपल्याकडचं सांगतो. उंब्रजहून महामार्गाला लागलं की अर्ध्या-पाऊण तासात सातारा येतं. या साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणायचं स्वप्न होतं त्यांचं. पण मला आज त्यांची त्याआधीची गोष्ट सांगायची आहे.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, निवृत्त लष्करी डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा खानदेशातल्या धरणगावचा एक सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याने कविता म्हणून दाखवली. कीर्तिकरांनी त्या पोराला भर सभेत 'बालकवी' ही पदवी दिली. आज आपण शाळेच्या पुस्तकात ज्यांना बालकवी म्हणून ओळखतो, ते हेच.

विचार करा, सतरा वर्षांचा मुलगा. "अजून लहान आहे, हवा जाईल डोक्यात, थोडा पिकू दे" असं म्हणणं किती सोपं होतं! पण मोठ्या माणसांनी ते म्हटलं नाही. आणि टिळक तर आणखी पुढे गेले. ते या मुलाला आपल्या घरी अहमदनगरला घेऊन आले. टिळक ख्रिस्ती, ठोमरे हिंदू. त्या काळात एका घरात राहणं, एका घरात जेवणं ही साधी गोष्ट नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांनीही त्याला घरातल्या मुलासारखं वागवलं. म्हणजे कौतुक नुसतं टाळ्यांवर संपलं नाही. त्याला राहायला जागा मिळाली, जेवायला ताट मिळालं.

आणि आता पुढचं ऐका. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले. वय सत्तावीस. ते "पिकेपर्यंत" सगळे थांबले असते, तर ते कौतुक त्यांना कधीच ऐकू आलं नसतं. पुढच्याच वर्षी टिळकही गेले.

लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला. त्यात त्यांनी नवऱ्याचा तापट स्वभाव लपवलेला नाही, न सांगता घरातून निघून जाणं लपवलेलं नाही, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणंही लपवलेलं नाही. तरी पुस्तक मिटताना टिळक आपल्याला मोठेच वाटतात. दोष माहीत असूनही माणूस मोठा वाटणं, हीच खऱ्या कौतुकाची कसोटी म्हणा ना.

मग सुरुवात कशी करायची?

मला जे थोडंफार जमलं ते सांगतो.

एक, नेमकं सांगा. मुलीला दहावीत बासष्ट टक्के पडले असतील तर "तू किती हुशार" म्हणू नका, तिलाही ते खोटं वाटेल. "गणितात दोनदा मागे पडलीस, तरी रोज पहाटे उठून बसलीस, मी बघत होतो," असं सांगा. ती पहाट तिची स्वतःची कमाई आहे.

दोन, तुलना करू नका. "धाकट्यापेक्षा तूच बरा" म्हटलं की एकाचं कौतुक होतं आणि दुसऱ्याला काटा टोचतो. जावा-जावांमध्ये, भावाभावांमध्ये अशा एका वाक्यानं वर्षानुवर्षं अबोला धरला जातो.

तीन, "पण" लावू नका. "भाजी छान झाली, पण..." या "पण"ने आधीचं सगळं पुसून जातं. सुधारणा सांगायची असेल तर जरूर सांगा, पौलानेही सांगितली. फक्त ती वेगळी सांगा, वेगळ्या वेळी सांगा.

चार, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही त्यांच्याकडे बघा. उपासनेआधी सतरंज्या घालणारा मुलगा, स्टँडवर झाडू मारणारी मावशी, उसात दिवसभर राबून येऊन परत चूल पेटवणारी घरातली बाई. मंडळीत गाणाऱ्याचं कौतुक होतं, सतरंज्या घडी करणाऱ्याचं कधी झालेलं ऐकलंय का?

पाच, कौतुक स्वीकारायलाही शिका. कुणी चांगलं बोललं की आपण "छे छे, कसलं काय" म्हणून झटकून टाकतो. त्यात नम्रता कमी आणि लाजच जास्त असते. "बरं वाटलं ऐकून, देवाचे आभार," एवढं म्हटलं तरी पुरे.

आणि एक इशारा. कौतुकानं पगार फिटत नाही. घरकाम करणाऱ्या बाईंना "तुम्ही आमच्या घरच्याच" म्हणायचं आणि सुट्टीचे पैसे कापायचे, हे कौतुक नव्हे. बायकोला "तू म्हणजे घराचा आधार" म्हणायचं आणि उठून पाण्याचा तांब्याही घ्यायचा नाही, हेही नव्हे. टिळकांनी ताट वाढलं, हे विसरू नका. शब्द आणि हात बरोबर चालले पाहिजेत.

पहिल्यांदा अवघडच जाणार

शेवटी आमच्या घरचंच सांगतो. आण्णांच्या त्या प्रार्थनासभेनंतर काही दिवसांनी मी आईपाशी बसलो होतो. धीर करून म्हणालो, "आई, आण्णा रात्री उशिरा ड्युटीवरून यायचे ना, तेव्हा तू दर वेळी उठून त्यांना ताजी भाकरी थापून द्यायचीस. शिळी कधी वाढली नाहीस. मी अंथरुणातनं बघायचो. मला ते फार भारी वाटायचं."

आईनं माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "पैसं पायजेत का काय तुला?"

मला हसू आलं. तिचीही चूक नाही. आमच्या घरात असं कुणी बोललेलंच नव्हतं, तर तिला दुसरं काय वाटणार? तुम्हीही आज घरी जाऊन काही बोललात तर असंच काहीतरी ऐकावं लागेल. "बरं नाही का?" "काय खाल्लंस बाहेर?" तयारी ठेवा. मागेपुढे काही मागू नका, आणि परत काही दिवसांनी आणखी एक खरी गोष्ट सांगा. हळूहळू विश्वास बसतो.

मी म्हणालो, "नाही गं, पैसे नकोत. नुसतं सांगितलं."

ती पुन्हा धान्य निवडायला लागली. बराच वेळ काही बोलली नाही. मग खाली बघूनच म्हणाली, "तू जागा असायचास व्हय?"

एवढंच. पण आण्णांना जे ऐकायला मिळालं नाही, ते आईला मिळालं.

तर मित्रांनो, या आठवड्याचा गृहपाठ. एक माणूस निवडा. घरातला असेल तर उत्तम, आणि ज्याच्याशी थोडं वाकडं आहे असा असेल तर त्याहून उत्तम. त्याच्याबद्दल तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक चांगली गोष्ट त्याला सांगा. समोर बसून सांगा, फोन करा, किंवा चिठ्ठी लिहा. कुणाच्या अंगणात सतरंज्या पडायच्या आत सांगा.